महामंदी, शनिवारी संध्याकाळी, प्रवेश फुकट

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर एकाच गोष्टीवर मनापासून प्रेम केलं. ती गोष्ट म्हणजे १९३० च्या आसपासची जागतिक महामंदी. माझ्या सासूबाई हे हसत हसत सांगायच्या, "पहिली बायको मंदी, मी दुसरी." मामांनी ते कधी नाकारलं नाही.

आमच्या मराठवाड्यातल्या घरांत सून सासऱ्याला मामा म्हणते, म्हणून ते माझे मामा. हैदराबादच्या एका कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायचे. अभ्यासक्रमात महामंदी एवढीशी होती, पण मामांच्या वर्गात ती दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालायची. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, मंदी राहिली. नल्लकुंट्याच्या आमच्या गॅलरीत तुळशीसमोर उभं राहून ते रोज सकाळी व्याख्यानाचा सराव करायचे. आत कुकरची शिट्टी झाली की टाळ्या पडल्यासारखे थांबायचे, मान किंचित झुकवायचे आणि पुढे निघायचे. डाळ शिजायला चार शिट्ट्या लागतात, पण मी मुद्दाम सहा होऊ द्यायची. वक्ता खुश असला की भाजी निवडून देतो.

काचीगुड्याला आमच्या मराठी मंडळाचं सभागृह आहे. तिथं महिन्यातून एकदा व्याख्यान व्हायचं. 'व्हायचं' म्हणजे वक्ता बोलायचा. ऐकायला कुणी असेलच असं नाही. मामांच्या मागच्या व्याख्यानाला अध्यक्ष होते, वॉचमन होता, मी होते आणि फोन चार्जिंगला लावायला आलेला एक गृहस्थ होता. फोन भरल्यावर तोही गेला. मामा शेवटपर्यंत बोलले. घरी आल्यावर मात्र त्यांनी कोट काढला, त्याची घडी घातली आणि म्हणाले,

"सूनबाई, आता एकदाच. खुर्च्या भरल्या तर मी इथं राहीन. नाही भरल्या तर पुण्याला थोरल्याकडे जातो. त्याची बाराव्या मजल्यावर गॅलरी आहे. गप्प बसायला चांगली."

थोरले दीर चांगले आहेत, वर्षानुवर्षं बोलावतायत. पण मामा गेले तर मी सकाळी भांडू कुणाशी? माझा नवरा भांडणाच्या कामाचा नाही. अर्ध्या वाक्यात "बरोबर आहे तुझं" म्हणून मोकळा होतो. मामा मात्र पेपरच्या पहिल्या पानापासून राशिभविष्यापर्यंत मुद्द्याला मुद्दा देतात, आणि हरले की चहा स्वतः करतात. असा माणूस पुण्याला सोडायचा? छे!

अध्यक्षांनी तारीख दिली. त्यांचं औषधांचं दुकान आहे, माणूस भला, पण घाबरट. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, सरांना सांगा ना, विषय जरा हलका घ्या. 'मधुमेह आणि आहार' ठेवला की बघा, उभं राहायला जागा नसते."

"मामा मधुमेहावर बोलले तरी तो अमेरिकेच्या शेअर बाजारातून आला म्हणतील," मी म्हटलं.

जाहिरातीचं काम माझ्या मुलीनं अंगावर घेतलं. ती कुकटपल्लीला एका ऑफिसात आहे. मराठी फर्मास बोलते, पण वाचताना अक्षरांना वळसा घालून जाते. मामांनी तिला व्याख्यानाचं नाव लिहून दिलं होतं: 'जागतिक महामंदी: ऐतिहासिक पार्श्वभूमी आणि तिचे परिणाम, एक चिकित्सक दृष्टिक्षेप'. तिनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं,

"आजोबा, ही पार्श्वभूमी कुठं आहे? घटकेसरकडचं वेंचर आहे का?"

आमच्या शहरात भूमी म्हटलं की तरुणांना फक्त प्लॉटांची वेंचरं दिसतात. मामांनी कपाळाला हात लावला.

"आणि हे केवढं लंबं आहे! ये पढते पढते सिग्नल ग्रीन हो जाता आजोबा. टेन्शन नक्को लो, मी शॉर्ट करते. माझे फ्रेंड्स मराठी वाचत नाहीत, रोमनमध्ये टाकते."

तिनं त्या लांबलचक नावातले फक्त दोन शब्द ठेवले, रोमन अक्षरांत, सुटे सुटे: महा मंदी. खाली शनिवार, संध्याकाळी सहा, प्रवेश फुकट, सर्वांचं स्वागत. कोपऱ्यात मामांचा कोट-टायमधला फोटो. एवढं करून तिनं ते काचीगुड्याच्या फ्लेक्सवाल्याला फोनवरून पाठवून दिलं आणि झोपी गेली.

आता जो माणूस हैदराबादला राहत नाही, त्याच्यासाठी इथं क्षणभर थांबते. आमच्याकडे मंदी हा एक खायचा पदार्थ आहे. यमनकडून आलेला, अरबी पद्धतीचा पिवळा सुवासिक भात, त्यावर अख्खी कोंबडी नाहीतर मटणाचा मोठा तुकडा, वर बदाम आणि तळलेला कांदा. हा सगळा डोंगर एका अवाढव्य थाळात येतो आणि घरचे सगळे खाली बसून, भोवती गोल करून त्यातच खातात. गल्लीगल्लीत त्याची दुकानं झालीत. कुणाचं नाव शाही मंदी, कुणाचं रॉयल मंदी.

आणि आम्ही जाहीर केली होती महा मंदी. प्रवेश फुकट!

फ्लेक्सवाला आपल्या धंद्यातला माहीर माणूस. मंदीचे फ्लेक्स त्यानं ढिगानं केलेले. आमच्यात मधोमध भली मोठी जागा रिकामी दिसली. त्याला वाटलं असेल, बिचारे फोटो टाकायला विसरले.

शनिवारी मी आणि मामा रिक्षानं निघालो. नवरा ऑफिसच्या कामाला विशाखापट्टणमला होता, मुलगी पुढं गेली होती. मामांनी कडक इस्त्रीचा शर्ट आणि थोरल्याच्या लग्नातला कोट घातला होता. पूर्ण रस्ता ते कागद चाळत होते. स्टेशनजवळ गर्दीत रिक्षा अडकली, तर रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "अम्मा, आज इदर दावत है क्या? घंटे भर से सवारियाँ इदरीच आ रै."

सभागृहाच्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत माणसं! स्कूटर, बुरखे, साड्या, मुलं, दोन म्हाताऱ्या, हॉस्टेलच्या पोरांचा जथा. मामांनी माझा हात घट्ट धरला. आमचा तेलुगू वॉचमन धावत आला आणि ओरडला, "सार! मस्तु मंदि वच्चिन्रु! मस्तु मंदि!"

तेलुगूत मंदि म्हणजे माणसं. खूप माणसं आलीत, असं तो बिचारा सांगत होता. मामांना तेलुगू चांगलं येतं, पण त्या क्षणी त्यांच्या कानात एकच अर्थ बसायला तयार होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "हो रे बाबा. तीच. मंदीच."

तेवढ्यात मी वर पाहिलं.

फाटकावर फ्लेक्स. फ्लेक्सवर थाळ. थाळात पिवळ्याधमक भाताचा डोंगर, डोंगरावर पाय आकाशाकडे करून पहुडलेली कोंबडी, वर वाफ, बाजूला बदामांची बरसात. त्यावर झगझगीत अक्षरांत महा मंदी. आणि कोपऱ्यात कोट-टाय घातलेले, गंभीर चेहऱ्याचे मामा. साक्षात मालक!

मामांनी वर बघायच्या आत मी त्यांचं कोपर धरून त्यांना सर्रकन बाजूच्या दाराकडे वळवलं. "मामा, इकडून. वक्ते मंचामागून येतात."

"असं असतं?"

"मोठ्या सभांना असंच असतं."

त्यांना आत बसवून मी बाहेर आले तर मुलगी रडकुंडीला आलेली. "मम्मी, मैंने चिकन नहीं डाला! कसम से! मी फक्त आजोबा टाकले होते!"

दारात एक रुंद छातीचे, पांढऱ्या कुर्त्यातले गृहस्थ, त्यांची बायको, सासू आणि लहान मुलगी असा ताफा उभा होता. त्यांनी मला अदबीनं विचारलं, "आपा, मंदी कित्ते बजे लगती?"

"सहा वाजता. छे बजे."

"किदर?"

"अंदर."

यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं, हे लक्षात घ्या.

"कुर्सियाँ दिख रै अंदर. मंदी तो नीचे बैठ के होती ना?"

"ये अलग किसम की है," मी म्हटलं आणि त्यांच्या सासूबाईंना हात देऊन पहिल्या रांगेत बसवलं.

अध्यक्षांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता. "वहिनी, हे लोक... यांना खरं सांगायला हवं. भांडण होईल."

"सांगू की. मामांना एकदा भरलेलं सभागृह दिसू दे, मग सांगू. तोवर खुर्च्या कमी पडतायत, ते बघा."

"खुर्च्या कमी पडतायत?" हे वाक्य त्यांच्या तोंडून कारकिर्दीत प्रथमच निघालं होतं. त्यांनी ते वॉचमनला सांगितलं, मग फोनवर मंडपवाल्याला सांगितलं आणि मग कुणालाच नाही, नुसतं हवेत म्हणून पाहिलं. त्यानंतर त्यांनी भांडणाचा विषय काढला नाही.

पडदा सरकला. मामा बाहेर आले, माणसं पाहिली आणि टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले. मग कागद नीट केले. "उपस्थित रसिकहो! एकोणीसशे एकोणतीस सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला..."

लोक शांत होते. फार शांत. त्यांना वाटत असावं, जेवणाआधीची काहीतरी प्रार्थना आहे. पण प्रार्थना लांबली. चुळबूळ सुरू झाली. शेवटी पांढऱ्या कुर्त्यानं हात वर केला.

"चचा, मंदी किदर है?"

मामांचा चेहरा उजळला. आयुष्यात विद्यार्थ्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता: सर, हे परीक्षेला येतं का? आणि इथं पहिल्या दहा मिनिटांत थेट विषयाला हात!

"बहोत अच्छा सवाल!" मामा म्हणाले. "मंदी पैले अमेरिका में आई."

"अमेरिका?" गृहस्थ चक्रावले. "हम तो समझे यमन से आई!"

"यमन? नै नै. अमेरिका से निकली, फिर पूरी दुनिया में फैली."

"हौ, आजकल सब जगा मिल रै," मागून कुणीतरी दुजोरा दिला.

"एक में कित्ते लोगां खाते, चचा?"

"मियाँ," मामा मोठ्या गांभीर्यानं म्हणाले, "मंदी कू लोगां नै खाते. मंदी लोगां कू खाती."

सभागृहात हशा उसळला. मामांनाही हसू आलं, पण आपण विनोद कधी केला हे त्यांना कळेना. पांढऱ्या कुर्त्यांनी फोन काढला, मंचापाशी आले आणि फ्लेक्सचा फोटो त्यांच्यापुढे धरला.

"चचा, ये फोटू आपका है ना?"

"मेरा है."

"तो ये मुर्गी बी आपकीच हुई ना?"

मामांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मी पडद्याच्या कडेला, मुलीशेजारी, तोंडावर पदर धरून उभी. त्यांनी थाळ पाहिला, कोंबडी पाहिली, स्वतःला पाहिलं. मग मान वर करून त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्यांना कळलं. हे सगळे कुणासाठी आले होते, ते कळलं.

"आप लोगां खाने आए?" त्यांनी हळू विचारलं.

"हौ चचा."

"मेरेकू लगा, सुनने आए."

आता हसू नव्हतं. मागची एक खुर्ची सरकली. मग दुसरी. एक कुटुंब मुलांना घेऊन उठलं, हॉस्टेलची दोनचार पोरं दाराकडे निघाली. मला पुण्याची ती बाराव्या मजल्यावरची गॅलरी स्पष्ट दिसली, तिच्यातल्या खुर्चीसकट.

आणि मामांनी काय केलं माहीत आहे? हातातले सगळे कागद पाण्याच्या ग्लासाखाली ठेवले, कोटाचं बटण सोडलं आणि मंचाच्या कडेवर खाली बसले, पाय मोकळे सोडून!

"बैठो," ते म्हणाले. "अब आएच है तो मेरी वाली चख के जाव. समझो, यां एक थाल है. तुम लोगां गोल बैठ के खा रै. इत्ते में एक जना डर गया. कल मिलेगा की नै मिलेगा? उसने हाथ रोक लिया. बाजूवाला देखा, ये कैकू रुका? वो बी रुक गया. फिर सब रुक गए. अब पकानेवाला देखा, कोई खाईच नै रा, तो चूल्हा बुझा दिया. चावलवाले कू बोला, कल नक्को लाव. मुर्गीवाले कू बोला, तू बी नक्को. वो दोनों जाके अपने नौकरां कू घर भेज दिए. अब बोलो. थाल भरा हुआ है, पेट खाली है, और बीच में हाथ नै चलरा." त्यांनी आपला उजवा हात हवेत अर्ध्यावर थांबवून दाखवला. "मियाँ, इसकू बोलते मंदी."

तो थांबलेला हात सगळं सभागृह बघत होतं. दाराशी गेलेली पोरं तिथंच उभी राहिली.

"लॉकडाऊन में अइसाइच हुआ, चचा!" एक जण उठून म्हणाला. त्याचा केटरिंगचा धंदा होता. "लोगां शादियाँ रोक दिए, मैं बैठ गया. मैं बैठा तो मेरे छे आदमी बैठ गए." एक तेलुगू बाई म्हणाल्या, त्यांचं ब्लाउज शिवायचं काम असंच बंद पडलं होतं. त्याच्यावर तिसरा बोलला. मामा एकेकाला "बराबर! आगे!" म्हणत होते, जणू तोंडी परीक्षा घेतायत. मग पांढऱ्या कुर्त्यांची मुलगी, दोन वेण्यांची, खुर्चीवर उभी राहिली.

"नाना, फिर पैले हाथ कौन डाला?"

मामांनी टाळी वाजवली. खरंच वाजवली. "ये! येईच सवाल पे बडे बडे लोगां लडे, बिटिया! जिसका हाथ सबसे बडा, उसने डालना. सरकार ने डालना. पन सरकारां बहोत देर लगाए. कई मुल्कां में तो लडाई का सामान बनाना शुरू हुआ, तब जाके चूल्हे जले."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली जी मी सुद्धा कधी ऐकली नव्हती. गॅलरीतल्या सरावात ती नसायचीच, कारण ती त्यांच्या कागदांत नव्हती. त्या मंदीत कापसाला गिऱ्हाईक उरलं नाही. त्यांच्या आजोबांनी परभणीच्या बाजारात नेलेल्या गाड्या जशाच्या तशा परत आल्या. मग त्या कापसाचं करायचं काय? गावभर पिंजाऱ्याची तार घुमली. घराघरांत नव्या गाद्या, नव्या उशा, नव्या रजया.

"मेरे बावा बोलते थे," मामा आपल्या वडिलांबद्दल म्हणाले, "उस साल हमारे घर में जित्ते नरम गद्दे थे, उत्ते फिर कबी नै हुए. और उन गद्दों पे किसीकू नींद नै आई."

पहिल्या रांगेतल्या सासूबाईंनी च्च केलं.

"दूसरे साल बावा उन में का एक गद्दा लपेटे और हैदराबाद कू नौकरी ढूँडने आ गए. यैंच काचीगुडा टेशन पे उतरे. इसलिए मैं यां हूँ. वो मेरी सून यां है, वो मेरी पोती बी." त्यांनी आमच्याकडे बोट केलं. "लोगां किताब में ढूँडते, मंदी का परिणाम क्या हुआ. मैं हुआ ना! तुमारे सामने बैठा हूँ."

माझी मुलगी माझ्या कानात म्हणाली, "मम्मी, म्हणजे मी पण परिणाम?"

"तू तर दुष्परिणाम," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते, आणि त्यावर मला दुसरा उपाय माहीत नाही.

टाळ्या पडल्या तेव्हा मामांनी सवयीनं मान किंचित झुकवली. पांढरा कुर्ता उभा राहिला. "चचा, तुमारी मंदी हो गई. अब हमारी वाली खिलाते, चलो!"

कोपऱ्यावरच्या मंदीच्या दुकानात आम्ही किती जण घुसलो देव जाणे. वाटेत अध्यक्ष मामांच्या बाजूनं जवळजवळ पळत होते. "सर, पुढच्या महिन्यात पुन्हा? विषय तुम्ही म्हणाल तो. फक्त फ्लेक्स त्याच माणसाकडून करू." ते शाकाहारी. लिंबू-सोडा घेऊन दाराजवळ बसले आणि आत काय येतंय ते मान वळवून वळवून बघत राहिले.

थाळ आला. गेले कित्येक महिने मी मामांना दलिया घालत होते, त्यामुळे ते माझ्याकडे चोरून बघत होते. मी दुसरीकडे पाहिलं. सगळे गोल बसले, पण कुणी हात घालेना. दोन वेण्यांची ती पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पैले नाना!"

मामांनी अस्तन्या वर केल्या आणि कोपरापर्यंत वाटावा असा हात त्या डोंगरात घातला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्याहून थोरले दीर. मामांचा हात तुपाळलेला, म्हणून मी स्पीकर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला.

"बाबा, कसं झालं व्याख्यान? खोली रंगवून ठेवली आहे. कधी येताय?"

मामांनी घास गिळला. "अरे, मला एक सांग. तुमच्याकडे पुण्यात मंदी कशी आहे?"

"मंदी?" थोरल्यांचा आवाज उतरला. "आहे की थोडीफार. आमच्याच ऑफिसात माणसं कमी करतायत. का हो?"

मामांनी थाळाभोवतीच्या गर्दीकडे पाहिलं. केटरिंगवाला सरकून तेलुगू बाईंना जागा देत होता, वॉचमन गेट सोडून आला होता, माझी मुलगी बदाम वेचत होती.

"मग मी इथंच बरा," मामा म्हणाले आणि मला फोन बाजूला घे अशी डाव्या हातानं खूण केली. "इथली फार चांगली आहे. आणि माणसं वाढतायत."